बॅट, बाप आणि बावीस यार्ड

मी क्रिकेट खेळतो असे कुणाला सांगितले, की आमची ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहते आणि म्हणते, "खेळता कसले? पांढरे कपडे मळवून आणता!" अठ्ठेचाळिशी उलटलेल्या माणसाने यावर काय बोलावे? गेल्या हंगामात मी चौदा डाव खेळलो, धावा केल्या एकशे एकतीस, आणि सात वेळा पायचीत झालो. हे आकडे मी घरात कुणाला सांगितलेले नाहीत. वाचकांना सांगतो आहे ते विश्वासाने.

दसऱ्याला पुण्याहून माझा मामेभाऊ आला होता. तो गोल्फ खेळतो. गोल्फवाले एकत्र जमले की त्यांच्या तोंडी तीनच विषय असतात म्हणे: आपला फटका, आपल्या काठ्या आणि आपले मैदान. चौदा काठ्या बरोबर नेण्याची नियमाने मुभा, आणि कुठलीही दोन मैदाने सारखी नाहीत. त्यामुळे चेंडू झाडीत गेला, की दोष द्यायला जागा भरपूर. "तुमचे बरे आहे," तो श्रीखंड चाटीत म्हणाला, "सगळीकडे बावीसच यार्ड. रडायला जागाच नाही!"

हे वाक्य माझ्या मनात घर करून बसले. बावीस यार्ड सगळीकडे सारखे असतात का हो?

माझे बालपण साताऱ्यात गेले. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आम्ही पोरे काथ्याच्या मॅटवर खेळत असू. सामन्याच्या दिवशी सकाळी मॅट खांद्यावरून न्यायची, चारी बाजूंनी ताणायची आणि खिळे ठोकायचे, हे काम धाकट्यांचे. मॅट कडक ताणली तर चेंडू झपाट्याने येई. सैल राहिली तर तो अडखळत येई आणि फिरकीवाल्याची दिवाळी होई. उसळी मात्र दोन्हीकडे भरपूर. चेंडू छातीपर्यंत आला, की मागल्या पायावर जाऊन तो खाली दाबायचा, एवढी एकच विद्या मी तिथे शिकलो.

नोकरीसाठी सांगलीला आलो आणि ती विद्या फुकट गेली. इथली काळी माती. पाणी पाजून, रूळ फिरवून केलेल्या खेळपट्टीवर चेंडू घोट्याच्या वर यायला तयार नसतो. मी आपला सवयीने मागल्या पायावर, आणि पंचांचे बोट आकाशाकडे! सात पायचीतांचे रहस्य ते हेच. पण हे कळायला मला वीस वर्षे लागली. तोवर मी काय केले असेल? बॅटी बदलल्या.

बॅटींविषयी दोन शब्द सांगतो, कारण दिवाळीच्या बोनसवर डोळा ठेवून दुकानात शिरणारा मी काही एकटाच नसेन. काश्मिरी विलोची बॅट सहसा जड आणि लाकडाला टणक. इंग्लिश विलो मऊ, त्यामुळे चेंडू तिच्यावरून उडतो चांगला, पण किंमत ऐकून माणूसही उडतो. नवी इंग्लिश बॅट आणली की तिला जवसाचे तेल पाजा, लाकडी मोगरीने तासन् तास ठोका, मग जुना चेंडू, मग नवा. एवढे सोपस्कार सुनेच्याही वाट्याला येत नाहीत. २०१७ पासून बॅटीची कडा ४० मिलिमीटरहून जाड नको, असा नियम झाला आहे. माझ्यासारख्याला त्या नियमाची काही बाधा नाही. माझा चेंडू कडेलाच लागतो हे खरे; पण कडा जाड असती तर झेल स्लिपमध्ये न जाता पॉइंटला गेला असता, इतकेच.

तरी यंदा मी इंग्लिश विलोसाठी पैसे साठवले होते. पाकीट कपाटात, साड्यांच्या खाली. हिला ठाऊक होते, आणि तिला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होते.

मामेभाऊ गेला आणि मी जुनी माणसे आठवू लागलो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. आखाड्यातल्या लाल मातीत वाढलेला हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरला तो मॅटवर, आणि सहावा आला. मातीत पाय रुततो. मॅटवर पकड वेगळी, तोल वेगळा. चार वर्षांनी, १९५२ साली हेलसिंकीला, त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मधल्या चार वर्षांत मल्ल तोच होता. पायांनी नवी जमीन ओळखीची करून घेतली होती.

आणि आमच्या सांगलीत ११ मार्च १९१५ रोजी जन्मलेले विजय हजारे! त्यांच्या तरुणपणी आपल्याकडे कितीतरी सामने मॅटिंगवर होत. जानेवारी १९४८ मध्ये अॅडलेडच्या हिरवळीवर, लिंडवॉल आणि मिलर समोर असताना, त्यांनी एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके काढली, ११६ आणि १४५. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. तेव्हाची बॅट आजच्या मानाने पातळ फळी. म्हणजे थोरवी लाकडात नव्हती, हे तरी कबूल करायला हवे.

हे सारे मी जेवताना मोठ्या आवाजात सांगत होतो. आमची धाकटी, वय वर्षे बारा, ताटावरून मान वर न करता म्हणाली, "बाबा, मग मी कुठल्या जमिनीवर खेळू?"

ती डावखुरी आहे. माधवनगरला वाढलेल्या स्मृती मानधनाने २०१३ साली, सतरा वर्षांची असताना, गुजरातविरुद्ध एकोणीस वर्षांखालील सामन्यात नाबाद २२४ धावा केल्या, हे तिला पाढ्यासारखे पाठ. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारताने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या गल्लीत फटाके हिनेच आधी लावले. पण ती ज्या मैदानावर सरावाला जाते, तिथे कधी प्रदर्शन, कधी सभा, कधी लग्नाचा मांडव. मांडव उठला की खुंट्यांची भोके आणि खडी मागे राहते. खडीवर पडलेला चेंडू परवा तिच्या हनुवटीला लागला. तीन टाके पडले. ती रडली नाही. म्हणाली, "उसळला कसा, तेच कळले नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी कपाट उघडले, तर पाकीट साड्यांच्या वर आलेले. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, त्या हळदीच्या गोदामामागची जागा रिकामीच आहे ना?"

गोदाम माझ्या मित्राचे. आम्ही चार बापांनी मिळून तिथे सिमेंटची पट्टी घातली: लांबी सहासष्ट फूट, शिवाय दोन्ही टोकांना थोडी जास्त, रुंदी आठ फूट, पाणी साचू नये म्हणून एका बाजूला किंचित उतार. ओतल्यावर तीन आठवडे ओले गोणपाट घालून पाणी मारले. घाई केली तर भेगा पडतात. नुसत्या सिमेंटवर चेंडू सरपटत, वेगाने येतो. वर काथ्याची मॅट ताणली की उसळतो. म्हणून आठवड्यात चार दिवस मॅट, दोन दिवस उघडी पट्टी, आणि रविवारी जमेल तिथे काळ्या मातीवर. तीन जमिनी पायांना ठाऊक झाल्या, की चौथी परकी वाटत नाही.

माझ्या सोबत्यांनाही एक सांगतो. नाणेफेकीआधी खेळपट्टीवर चालत जा, अंगठा दाबून पाहा. रुतला तर पुढे या, टणक लागला तर जरा थांबा. याला पैसे पडत नाहीत.

मला इंग्लिश बॅट मिळाली नाही. जुन्या बॅटीला दोरा गुंडाळून घेतला आहे. परवा पट्टीवर पहिला चेंडू खेळण्याचा मान वडील म्हणून मला दिला गेला. मॅट ताणलेली होती, उसळी येणार हे मी जाणून होतो. साताऱ्याची विद्या आठवून झोकात मागल्या पायावर गेलो.

पोरीने चेंडू यॉर्कर टाकला. पंच म्हणून ही उभी होती. तिने बोट वर केले, ते अजून खाली घेतलेले नाही.