एरियलचे बूड पक्के, तर निरोप पक्का



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची घरे कोसळली. त्या भूकंपात आणि पुढे २००१ साली गुजरातच्या भूकंपात हॅम रेडिओवाल्यांनी निरोप पोचवले. हॅम म्हणजे हौशी रेडिओ. मोटारीच्या बॅटरीवर चालतो, टेलिफोनची तार लागत नाही. मात्र परीक्षा देऊन केंद्र सरकारचा परवाना घ्यावा लागतो. गावातल्या होतकरू मुलामुलींनी तो जरूर घ्यावा.

पण संच कितीही चांगला असो, जीपवरचे एरियल पडले की तो मुका. एका पावसाळ्यात मी परवानाधारक मित्राबरोबर जीपने चाललो होतो. ओढ्यापलीकडच्या वस्तीत एक बाई अडली होती. वस्तीवर पोचून निरोप द्यायला गेलो, तर रेडिओ गप्प! चुंबकावर नुसते चिकटवलेले एरियल बाभळीच्या फांदीने ओढून पाडले होते. केबल मागे फरफटत होती. अखेर माणूस पायी पाठवला. दोन तास गेले. बाई सुखरूप सुटली, पण ते दोन तास मी विसरलो नाही.

म्हणून सांगतो, खडबडीत वाटेवर चुंबकाच्या भरवशावर राहू नका. एरियल बोल्टनेच बसवा.

जागा : १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचे साधे एरियल सुमारे अर्धा मीटर असते. पत्र्याच्या टपाचा मध्य त्याला सर्वांत उत्तम, कारण खालचा पत्रा एरियलचेच अर्धे काम करतो. टप कापडी असेल तर मागच्या बॉडीच्या कोपऱ्यावर लोखंडी ब्रॅकेट बसवा. पत्रा पातळ असतो. आतून जाड पट्टी द्या, म्हणजे हिसका एकाच भोकावर येणार नाही.

जोड : ब्रॅकेटखालचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत होईतो घासा. लोखंडाला लोखंड भिडले पाहिजे. स्प्रिंग वॉशर घालून नट आवळा, मग गंज चढू नये म्हणून वरून ग्रीस लावा. बुडाशी स्प्रिंग असलेले एरियल घ्या. फांदी लागली तर ते वाकेल, मोडणार नाही.

केबल : दारात चेमटू देऊ नका. भोकात रबरी बुश बसवा. आत शिरण्यापूर्वी केबलला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. बाहेरच्या जोडावर रबरी टेप गुंडाळा.

लांब पल्ल्याच्या ७ मेगाहर्ट्झची काठी मोटारीवर दोन मीटर किंवा त्याहून उंच असते. चालत्या गाडीत ती नायलॉनच्या दोरीने वाकवून बांधा. उभी करण्याआधी मान वर करून पाहा. शेतावरून जाणाऱ्या ११,००० व्होल्टच्या तारा लोंबलेल्या असतात. काठी तिथे टेकली तर जीव जाईल. वीज कडाडत असताना तिच्याजवळ जाऊ नका. कोणी बोलत असताना एरियलला हात लावू नका, भाजते.

नांगराचे नट आपण रानात जाण्याआधी हलवून पाहतोच ना? तसेच एरियलचेही पाहा. पान्हा जीपमध्येच ठेवा. अडचणीची वेळ सांगून येत नाही.