नसलेला कॅमेरा

बडोद्यातील एखादा तबलाशिक्षक सायंकाळी संगणकासमोर बसतो आणि ठरल्या वेळी समुद्रापलीकडचा शिष्य पडद्यावर उमटतो. नमस्कार होतो, मागील पाठाची उजळणी होते, आणि मग नव्या कायद्यातील एखादा बोल अडतो. गुरुजी पुन्हा वाजवून दाखवितात; शिष्य पुन्हा चुकतो. दोष शिष्याच्या बुद्धीचा नसतो. त्याला गुरुजींचा चेहरा दिसत असतो, पण हात दिसत नसतो. ‘ना’ हा बोल तर्जनीने चाटेवर वाजतो एवढे पुस्तकातही सापडते. परंतु त्याच क्षणी अनामिका शाईच्या कडेवर अलगद टेकलेली असावी लागते, आणि नादाचा गोडवा त्या टेकण्यावर अवलंबून असतो. संगणकाच्या माथ्यावरील कॅमेऱ्याला तबल्याची पुडी तिरपी आणि अर्धवटच दिसते. गुरूच्या शेजारी बसून शिकणाऱ्याला जे सहज दिसे, ते येथे दिसेनासे होते.

ही अडचण नवी नाही. याच बडोद्यात महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली संगीतशाळा सुरू केली, आणि संगीत कागदावर उतरविण्यासाठी स्वरलेखनाची पद्धतही सिद्ध केली. गुरूच्या मुखातील विद्या दूरच्या विद्यार्थ्यापर्यंत कशी पोहोचवावी, हाच प्रश्न त्या पद्धतीच्या मुळाशी होता. लिपीने काय वाजवावे हे कळते. हात कसा ठेवावा हे मात्र डोळ्यांनीच पाहावे लागते.

यावर पहिला उपाय सुचतो तो सोपा: दोन कॅमेरे जोडावेत, एक चेहऱ्यासमोर आणि एक तबल्यावर. कॅमेरे जोडता येतात. पण झूम असो वा गूगल मीट, संभाषणाचा कार्यक्रम ‘कोणता कॅमेरा?’ असे विचारतो आणि एकाच नावावर खूण करू देतो. मग काही जण दुसऱ्या यंत्रावरून पुन्हा त्याच सभेत प्रवेश करतात. तसे केल्याने शिष्याला दोन चौकटी दिसतात खऱ्या, पण एका यंत्राचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरून कर्कश शीळ उठते, आणि एकाच घरातून दोन चित्रे धाडावी लागल्याने इंटरनेटवरचा भारही वाढतो. काही कार्यक्रमांत दुसऱ्या कॅमेऱ्याचे चित्र ‘शेअर’ करण्याची सोय असते. तथापि दोन्ही चित्रांची मांडणी कशी असावी, कोणते मोठे नि कोणते लहान, हे ठरविणे गुरुजींच्या हाती पुरते राहत नाही.

खरा उपाय दूरचित्रवाणीच्या जुन्या कार्यपद्धतीत सापडतो. भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. स्टुडिओत कॅमेरे अनेक असत, पण घरोघरी पोहोचे ते चित्र एकच. त्या दोहोंच्या मध्ये मिश्रणफलक असे. त्यापुढे बसलेला माणूस गायकाचा चेहरा, साथीदाराचा हात आणि संपूर्ण मैफल यांतून क्षणाक्षणाला निवड करी, प्रसंगी एका चित्राच्या कोपऱ्यात दुसरे बसवी, आणि तयार झालेले एकच चित्र प्रक्षेपणास देई. रेडिओवरही पाच मायक्रोफोनांचे आवाज मिसळून अखेर एकच प्रवाह बाहेर पडतो. निवडीचे काम पाठविणाऱ्याने आधी करावयाचे, श्रोत्या-प्रेक्षकाने नव्हे, हे त्यातील मुख्य सूत्र.

हाच मिश्रणफलक आज सॉफ्टवेअरच्या रूपाने घरच्या संगणकात मावतो. अशा कार्यक्रमांपैकी ‘ओबीएस स्टुडिओ’ हा विशेष प्रसिद्ध आहे. तो २०१२ साली प्रथम आला. तो विनामूल्य असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालतो. त्याची रचना दोन कल्पनांवर उभी आहे. पहिली कल्पना ‘स्रोता’ची. कॅमेरा हा एक स्रोत, मोबाइलचा कॅमेरा हा दुसरा, लिहून ठेवलेल्या बोलांचे पान हा तिसरा, पडद्यावरील एखादी खिडकी हा चौथा. दुसरी कल्पना ‘दृश्या’ची. रिकाम्या फलकावर हे स्रोत हवे तेथे, हव्या त्या आकाराचे ठेवावयाचे. जो स्रोत यादीत वर, तो चित्रातही वरच्या थरावर. अशी मांडणी पूर्ण झाली की एक दृश्य तयार होते. दृश्ये कितीही करून ठेवता येतात आणि कळफलकावरील एकेक कळ दाबून एकातून दुसऱ्यात जाता येते.

आता उरतो तो खरा पेच: हे तयार चित्र संभाषणाच्या कार्यक्रमाला द्यावयाचे कसे? तो तर केवळ कॅमेराच ओळखतो. येथे ‘आभासी कॅमेरा’ उपयोगी पडतो. संगणकाच्या दृष्टीने कॅमेरा म्हणजे त्याच्या यादीतील एक नाव, आणि मागणी होताच त्या नावाने येणारा चित्रांचा ओघ. त्या नावामागे काचेचे भिंग आहे की नाही, याची चौकशी सामान्यतः कोणी करीत नाही. म्हणून यादीत एक नवे नाव नोंदवावयाचे आणि त्या नावाने मिश्रण केलेले चित्र, सेकंदाला ३० या गतीने, पुरवावयाचे. संभाषणाच्या कार्यक्रमाला वाटते की घरात आणखी एक कॅमेरा आहे. प्रत्यक्षात तो नसतोच.

पूर्वी यासाठी निराळी जोडणी शोधून बसवावी लागे. ओबीएसच्या २६.० या आवृत्तीत, सप्टेंबर २०२० मध्ये, ही सोय विंडोजवर मूळ कार्यक्रमातच आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात २६.१ आवृत्तीने ती मॅक आणि लिनक्सवरही आणली. त्या वर्षी मार्चअखेरीपासून टाळेबंदीमुळे शाळा, शिकवण्या आणि सभा घरात येऊन बसल्या होत्या, हे लक्षात घेता या सोयीची निकड ध्यानी येते.

या योजनेचा मोठा लाभ असा की, कॅमेरे कितीही असले तरी घराबाहेर जाणारे चित्र एकच असते. इंटरनेटवरचा भार वाढत नाही. परंतु चौकटही एकच असते, आणि तिची जागा वाटून घ्यावी लागते. १२८० बाय ७२० ठिपक्यांच्या चौकटीत चार सारखी चित्रे बसविली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ६४० बाय ३६० ठिपके येतात; पुढे शिष्याने मोबाइलवर पाहिले तर बोटे ओळखूही येत नाहीत. सगळे दाखविण्याच्या हौसेत काहीच नीट न दिसावे, असा प्रकार होतो. तबल्याच्या पाठासाठी तीन दृश्ये पुरतात: बोलणे चालू असताना पूर्ण चौकटीत चेहरा, वाजविताना वरून घेतलेले दोन्ही हातांचे मोठे चित्र आणि कोपऱ्यात लहानसा चेहरा, आणि बोल समजावताना लिहिलेले पान व शेजारी हात.

वरून पाहणारा कॅमेरा म्हणून जुना मोबाइल उत्तम चालतो. अँड्रॉइडच्या १४व्या आवृत्तीपासून अनेक फोन तारेने जोडताच वेबकॅमसारखे वागू शकतात. आयफोन व मॅक यांच्यात अशी सोय २०२२ पासून आहे. फोन पक्क्या दांडीला बांधावा, आणि प्रकाश असा असावा की हाताची सावली पुडीवर पडणार नाही. दोन यूएसबी कॅमेरे एकाच जोडफळीवर लावू नयेत, यामागे हिशेब आहे. १२८० बाय ७२० चे चित्र कच्च्या स्वरूपात सेकंदाला ३० वेळा पाठवावयाचे तर सुमारे ४४ कोटी बिट लागतात, आणि यूएसबी-२ ची कमाल मर्यादा ४८ कोटी बिटांची आहे. एकानेच वाट भरल्यावर दुसऱ्याने जावे कोठून? कॅमेरे निरनिराळ्या छिद्रांत लावावेत, किंवा दाबलेले चित्र पाठविण्याचा पर्याय निवडावा.

क्रमही पाळावा लागतो. आधी मिश्रणाचा कार्यक्रम उघडून आभासी कॅमेरा सुरू करावयाचा, मग सभेत शिरून यादीतून त्याचे नाव निवडावयाचे. स्वतःच्या पडद्यावर अक्षरे उलटी दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. काही कार्यक्रम स्वतःचे चित्र आरशाप्रमाणे दाखवितात, समोरच्याला ते सुलटच दिसते.

आवाजाची गोष्ट वेगळी आहे. ओबीएसचा आभासी कॅमेरा चित्र नेतो, आवाज नेत नाही. मायक्रोफोन सभेच्या कार्यक्रमात स्वतंत्रपणे निवडावा लागतो. चित्र मिसळण्यात अल्पसा वेळ जातो, म्हणून थाप आधी ऐकू येऊन बोट नंतर पडताना दिसू शकते. शिवाय संभाषणाचे कार्यक्रम माणसाचे बोलणे जपतात आणि इतर ध्वनी गोंगाट समजून दाबतात. त्यात डग्ग्याचा घुमारा हकनाक बळी पडतो. झूममध्ये वादकांसाठी मूळ आवाज तसाच ठेवण्याची सोय आहे, ती चालू करावी. मात्र गुरु-शिष्यांनी एका लयीत एकत्र वाजविणे सामान्य जोडणीवर साधत नाही, कारण दोन्ही बाजूंनी विलंब असतो. गुरूने वाजवावे, शिष्याने ऐकून परत वाजवावे, हीच रीत येथे टिकते.

या सोयीची दुसरी बाजूही जाणून घेतली पाहिजे. ज्या नावामागे भिंग असल्याची खात्री नाही, त्या नावाने आधी टिपून ठेवलेले चित्रही पाठविता येते, आणि बनावट चेहराही. म्हणूनच घरून द्यावयाच्या परीक्षांवर नजर ठेवणाऱ्या कित्येक व्यवस्था आभासी कॅमेरा नाकारतात. हाँगकाँगमध्ये २०२४ च्या आरंभी उघडकीस आलेल्या एका प्रकरणात, व्हिडिओसभेतील बनावट सहकाऱ्यांवर विश्वास ठेवून एका कर्मचाऱ्याने सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठविले होते. हलते-बोलते चित्र समोर आहे एवढ्यावरून माणूस समोर आहे, असे मानण्याचे दिवस गेले. पैशाचा वा गुपिताचा प्रश्न असेल तेथे ओळखीच्या क्रमांकावर उलट फोन करून खात्री करून घेणे हाच शहाणपणा.

बडोद्याच्या त्या खोलीत मात्र याच युक्तीने एक साधी गोष्ट घडते. गुरुजी एक कळ दाबतात. चेहरा कोपऱ्यात जातो आणि पुडीवरचे दोन्ही हात चौकटभर होतात. ‘ना’ पुन्हा वाजतो. या वेळी शिष्य आपली अनामिका पाहतो, ती शाईच्या कडेला टेकवितो, आणि पलीकडून येणारा नाद प्रथमच नीट उमटतो.