जुन्या मोटार यॉटवरील जनित्र व वातानुकूलन यंत्रणेचे नूतनीकरण

जुन्या मोटार यॉटवरील जनित्र व वातानुकूलन यंत्रणेचे नूतनीकरण म्हणजे काही दशकांपूर्वी बांधलेल्या खासगी यांत्रिक नौकेवरील वीजनिर्मितीचा संच आणि समुद्राच्या पाण्यावर थंड होणारी वातानुकूलन यंत्रणा काढून त्यांच्या जागी नवी यंत्रणा बसवणे होय. वरवर पाहता ही दोन वेगळी कामे वाटतात. मात्र नांगरलेल्या नौकेवर जनित्राचा सर्वांत मोठा ग्राहक वातानुकूलकच असतो. त्यामुळे एकाचा आकार ठरवल्याशिवाय दुसऱ्याचा ठरवता येत नाही.

पार्श्वभूमी

१९६० ते १९८०च्या दशकांत हाँगकाँग, तैवान व सिंगापूर येथे अमेरिकी बाजारपेठेसाठी मोठ्या संख्येने मोटार यॉट बांधल्या गेल्या. 'ग्रँड बँक्स' ही त्यांतील सुपरिचित मालिका. आरंभी लाकडी असलेल्या या नौका १९७३पासून काचतंतूच्या बांधणीत येऊ लागल्या. काचतंतूचा सांगाडा पन्नास वर्षे सहज टिकतो, पण त्यातील यंत्रे तितकी टिकत नाहीत. म्हणून नौका सुस्थितीत आणि जनित्र मोडकळीस आलेले, अशी स्थिती जुन्या यॉटवर नेहमी आढळते.

वातानुकूलन यंत्रणेच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. त्या काळातील बहुतेक यंत्रणांत आर-२२ हे शीतक वापरले जाई. ओझोन थराला घातक असल्यामुळे १९८७च्या माँट्रियल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद होत गेला. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून नव्या आर-२२चे उत्पादन व आयात थांबली. त्याच्या जागी आलेले आर-४१०ए सुमारे दीडपटीहून अधिक दाबावर काम करते, त्यामुळे ते जुन्या यंत्रात भरता येत नाही. गळती झालेला जुना वातानुकूलक दुरुस्त करण्यापेक्षा बदलणेच बहुधा स्वस्त पडते.

सागरी वातानुकूलनाचे स्वरूप

घरगुती वातानुकूलक खोलीतील उष्णता बाहेरच्या हवेत सोडतो, तर नौकेवरील यंत्र ती समुद्राच्या पाण्यात सोडते. तळातील झडपेतून आत आलेले पाणी गाळणीतून पंपाकडे व तेथून ताम्र-निकेल मिश्रधातूच्या संघनकात जाते आणि कोमट होऊन नौकेच्या कडेने बाहेर पडते. लहान यॉटवर प्रत्येक कक्षासाठी स्वयंपूर्ण संच बसवतात. मोठ्या यॉटवर एका मध्यवर्ती यंत्राने गोडे पाणी थंड करून ते नळ्यांवाटे सर्व कक्षांत फिरवतात.

वातानुकूलक थंडावा देत नाही अशी तक्रार आल्यास दोष पुष्कळदा संपीडकात नसून पाण्यात असतो. झडपेच्या तोंडावर बार्नॅकल वाढतात, गाळणीत शेवाळ अडकते किंवा पंप जलरेषेच्या वर बसवलेला असल्यामुळे त्यात हवा कोंडते. दर टन क्षमतेमागे मिनिटाला साधारण १२ लिटर पाणी मिळाले पाहिजे. ते मिळत नसेल तर नवा संचही जुन्यासारखाच वागतो. नूतनीकरणापूर्वी ही एवढी तपासणी केल्यास काही मालकांचा मोठा खर्च वाचू शकतो.

उष्णताभाराचे गणित

क्षमता सहसा बीटीयू प्रतितास या एककात सांगतात; १२,००० बीटीयू प्रतितास म्हणजे १ टन, अर्थात सुमारे ३.५ किलोवॉट उष्णता. प्रचलित ठोकताळ्यानुसार जलरेषेखालील शयनकक्षाला दर चौरस फुटास ६०, मधल्या स्तरावरील कक्षाला ९० आणि भोवताली काचा असलेल्या वरच्या दिवाणखान्याला १२० बीटीयू लागतात.

उदाहरणार्थ, ४२ फुटी यॉटचा दिवाणखाना १३० चौरस फुटांचा, मागचा कक्ष ११० आणि पुढचा ७० चौरस फुटांचा असल्यास त्यांची गरज अनुक्रमे १५,६००, ९,९०० आणि ४,२०० बीटीयू येते. म्हणजे एकूण सुमारे अडीच टन. १६,०००, १०,००० व ५,००० बीटीयूचे तीन संच येथे पुरतात. उष्ण कटिबंधात, जेथे समुद्राचे पाणीच २९-३० अंश सेल्सिअस असते, तेथे संघनकाची कार्यक्षमता घटते. म्हणून थोडी अधिक क्षमता धरावी लागते. मात्र 'मोठे तेच चांगले' हे येथे खरे नाही. गरजेपेक्षा मोठा संच हवा लवकर थंड करून बंद पडतो, तिच्यातील दमटपणा तसाच राहतो आणि गाद्यांना बुरशी येते.

जनित्राची निवड

वरील तीन संच व पंप मिळून सुमारे ३ किलोवॉट वीज घेतात. पाणी तापवण्याचे यंत्र (१.५ किलोवॉट), बॅटरी प्रभारक (१ किलोवॉट) आणि विजेची शेगडी (२.४ किलोवॉट) हे सर्व एकाच वेळी चालू झाले तरी बेरीज ८ किलोवॉटच्या आत राहते.

अडचण येते ती संपीडक सुरू होताना. त्या क्षणी तो नेहमीच्या चार ते सहा पट विद्युतप्रवाह ओढतो. जुन्या काळी त्यासाठी जनित्रच मोठे घेत. आता सॉफ्ट स्टार्टर जोडून हा झटका बराच कमी करता येतो, तर बदलत्या वेगाच्या इन्व्हर्टर संपीडकात तो जवळपास नसतोच. त्यामुळे नवे वातानुकूलक आधी निवडून मग जनित्र ठरवल्यास ते जुन्यापेक्षा लहानही चालू शकते.

फाजील मोठ्या जनित्राचे नुकसान रात्री दिसते. सर्वजण झोपल्यावर केवळ मागच्या कक्षाचा वातानुकूलक चालू असतो आणि भार जेमतेम १ किलोवॉट असतो. १२ किलोवॉटच्या डिझेल जनित्राला हा भार दहा टक्केही होत नाही. एंजिन पुरेसे तापत नाही, इंधन अपूर्ण जळते आणि काजळीमिश्रित तेलकट थर निष्कासमार्गात साचतो. असे वर्षानुवर्षे चालल्यास सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होऊन एंजिन तेल खाऊ लागते. निदान एक तृतीयांश भार सतत राहील असा संच घेणे इष्ट मानतात.

फेऱ्यांचा वेगही महत्त्वाचा आहे. चार ध्रुवांचे जनित्र ५० हर्ट्झसाठी मिनिटाला १,५०० फेरे, तर दोन ध्रुवांचे ३,००० फेरे घेते. पहिले जड असले तरी शांत व दीर्घायुषी असते. दुसरे हलके, लहान आणि गोंगाटी असते. जुने जनित्र बहुधा दिवाणखान्याच्या फरशीखाली, मुख्य एंजिनांच्या आड असते. नौका बांधताना ते छत बसवण्यापूर्वी उतरवलेले असल्यास दारातून बाहेर निघत नाही. ते सुटे करून काढावे लागते. नव्या संचाचे माप घेताना म्हणूनच दाराची रुंदी प्रथम मोजतात.

निष्कास आणि सुरक्षितता

या कामातील चुकीची किंमत प्राणांनीही मोजावी लागू शकते. जनित्राच्या निष्कासात समुद्राचे पाणी सोडून तो थंड करतात. ज्या बाकात पाणी व तप्त वायू एकत्र येतात तो भाग आतून गंजतो, आणि त्याच्या चिरेतून कार्बन मोनॉक्साइड शयनकक्षांकडे पसरू शकतो. या वायूला वास नसतो. काही जुन्या अमेरिकी यॉटवर पेट्रोल जनित्रे आहेत. त्यांच्या निष्कासात हे प्रमाण डिझेलपेक्षा कितीतरी अधिक असते. नूतनीकरणात निष्कासाची नळी, बाक व मफलर हे सर्व नवे बसवणे आणि प्रत्येक शयनकक्षात वायुशोधक लावणे आवश्यक ठरते.

वातानुकूलकाच्या तबकात साचणारे दवाचे पाणी एंजिनकक्षात किंवा निष्कासाच्या तोंडाजवळ सोडू नये, असा दंडक आहे. पाणी वाहत नसताना त्याच नळीतून वातानुकूलकाचा पंखा विषारी वायू ओढून थेट झोपलेल्यांपर्यंत नेऊ शकतो. जुन्या नौकांवर ही जोडणी सर्रास चुकीची आढळते.

दुसरा धोका पाण्याचा. जनित्र जलरेषेखाली असल्यास पाण्याच्या मार्गात वक्रनलिकारोधक झडप लागते. अन्यथा बंद एंजिनात समुद्राचे पाणी शिरते. एंजिन सुरू न होता स्टार्टर वारंवार फिरवल्यासही तेच घडते, कारण मफलरमधील पाणी बाहेर ढकलायला निष्कासाचा दाबच नसतो.

विद्युत जोडणी व वारंवारता

धक्क्यावरील वीज आणि जनित्राची वीज कधीही एकत्र येणार नाही असा निवड-खटका अनिवार्य असतो. जनित्र चालू असताना तटस्थ व भूतार यांची जोडणी जनित्रापाशी असते. धक्क्याची वीज घेताना ती जोडणी नौकेवर नसावी. ही चूक राहिली तर नौकेभोवतीच्या पाण्यात विद्युतप्रवाह उतरतो, आणि गोड्या पाण्याच्या धक्क्यांवर पोहणाऱ्यांना तो जीवघेणा ठरतो.

अमेरिकेसाठी बांधलेली यॉट भारत, युरोप किंवा आग्नेय आशियात आल्यास ६० व ५० हर्ट्झचा प्रश्न उभा राहतो. केवळ रोहित्र बसवून दाब बदलतो, वारंवारता बदलत नाही. ६० हर्ट्झचा संपीडक ५० हर्ट्झवर मंद फिरतो आणि दाब त्या प्रमाणात उतरवला नाही तर तापतो. मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर नांगरलेल्या नौकेला धक्क्याची वीज मिळत नसल्याने तिचे ६० हर्ट्झचे जनित्र चालून जाते. नौका ५० हर्ट्झची वीज असलेल्या मरीनात बांधताच अडचण सुरू होते. सर्व यंत्रणा बदलायचीच असेल, तर हा बदल त्याच वेळी करणे सोयीचे असते.

बॅटरीचा पर्याय

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी स्वस्त झाल्यापासून रात्री जनित्र बंद ठेवून इन्व्हर्टरवर वातानुकूलक चालवण्याची पद्धत रूढ होत आहे. बदलत्या वेगाचा संच सरासरी अर्धा किलोवॉट घेत असेल, तर आठ तासांना ४ किलोवॉट-तास ऊर्जा लागते. २५.६ व्होल्ट, ४०० अँपिअर-तासांचा संच सुमारे १० किलोवॉट-तास साठवतो. दिवसा तो भरताना जनित्रावर भरपूर भार पडतो, त्यामुळे अल्पभाराची वर सांगितलेली समस्याही सुटते. मुख्य एंजिनावरील जुना आल्टरनेटर मात्र अशा बॅटरीला थेट जोडता येत नाही. ती पूर्ण क्षमतेने प्रवाह ओढत राहते आणि नियंत्रक नसल्यास आल्टरनेटर जळतो.