मुंबईत अव्वल, सिडनीत दहावा

मोटारींची शर्यत म्हटली की डोळ्यांपुढे येते ती गोल धावपट्टी आणि दोन तासांत आटोपणारा वेगाचा खेळ. परंतु दिवसेंदिवस, देशामागून देश पार करीत मोटार आणि माणूस या दोघांच्याही सहनशक्तीची कसोटी पाहणाऱ्या शर्यतींचा इतिहास वेगळाच आहे. त्यातील सर्वांत गाजलेल्या शर्यतीचा निम्मा निकाल मुंबईत लागला होता, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

ही शर्यत म्हणजे १९६८ सालची लंडन-सिडनी मॅरेथॉन. १९६७ च्या अखेरीस पौंडाचे अवमूल्यन झाले होते आणि ब्रिटनमध्ये निराशेचे वातावरण होते. ब्रिटिश मोटारींचा जगात बोलबाला व्हावा, या हेतूने 'डेली एक्स्प्रेस'चे मालक सर मॅक्स एटकेन यांनी ही कल्पना उचलून धरली. सिडनीचे 'डेली टेलिग्राफ' हे वृत्तपत्रही त्यात सहभागी झाले. पहिले पारितोषिक होते १० हजार पौंडांचे.

२४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथून ९८ मोटारी निघाल्या. पॅरिस, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल, मग खैबर खिंडीतून पाकिस्तान, दिल्ली आणि अखेर मुंबई असा सुमारे ११ हजार किलोमीटरचा हा पहिला टप्पा होता. ठरलेल्या ठाण्यावर पोहोचण्यास जितकी मिनिटे उशीर, तितके दंडाचे गुण, असा साधा हिशेब. तुर्कस्तानातील डोंगरी वाटा आणि काबूलजवळच्या लाताबंद खिंडीतील जुना रस्ता यांनी अनेकांची दमछाक केली. भारतात रस्त्याच्या दुतर्फा लोटलेल्या गर्दीतून वाट काढणे, हीच एक परीक्षा होती.

मुंबईत ७२ मोटारी पोहोचल्या. सर्वांत कमी दंड होता इंग्लंडच्या रॉजर क्लार्क यांच्या लोटस कॉर्टिनाला. ५ डिसेंबरला 'चुसान' या बोटीने मोटारी ऑस्ट्रेलियाकडे निघाल्या, तेव्हा क्लार्कच जिंकणार असा बहुतेकांचा होरा असणार.

ऑस्ट्रेलियात मात्र त्यांच्या इंजिनाने दगा दिला. संघातील दुसऱ्या मोटारीचे भाग काढून ते दुरुस्त करावे लागले. पुढे मागच्या आसाचा डिफरन्शियलही निकामी झाला; तेव्हा वाटेत उभ्या असलेल्या एका कॉर्टिनाच्या नाखूश मालकाची मनधरणी करून त्याच्या गाडीचा भाग मिळवला गेला! क्लार्क अखेर दहावे आले.

आघाडी आता ल्यूसियाँ बियांकी आणि ज्याँ-क्लोद ओजिए यांच्या सित्रोएनकडे आली. बियांकी त्याच वर्षी ल माँची २४ तासांची शर्यत जिंकलेले. पण सिडनी हाकेच्या अंतरावर असताना, नौरा गावाजवळ समोरून आलेल्या मोटारीशी त्यांची टक्कर झाली. बियांकी गंभीर जखमी झाले. मागून आलेल्या पॅडी हॉपकर्क यांनी स्वतःच्या विजयाची पर्वा न करता गाडी थांबवली आणि सहकाऱ्यासह आग विझवून मदत केली.

विजेते ठरले स्कॉटलंडचे अँड्र्यू कोवन आणि त्यांचे साथीदार ब्रायन कॉइल व कॉलिन माल्किन. त्यांची मोटार होती साधी हिलमन हंटर, जिच्यावर पैज लावायला कोणी धजले नसते. कोवन यांचे दंडाचे गुण ५०, हॉपकर्क यांचे ५६. सहा मिनिटांचा हा फरक पाहिला म्हणजे नौराजवळ थांबण्याची किंमत किती असू शकते, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. बियांकी या अपघातातून बचावले. परंतु मार्च १९६९ मध्ये ल माँ येथे सरावादरम्यान त्यांचा मृत्यू झाला.

१९७७ मध्ये शर्यत पुन्हा झाली. या वेळी मोटारी मद्रासहून बोटीने पेनांगला गेल्या आणि विजेते पुन्हा कोवनच, मात्र मर्सिडीज २८० ई मध्ये. त्यानंतर १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि युरोपातून भारतात येणारी ती जुनी वाट शर्यतीसाठी बंद झाली. मुंबईच्या नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने १९८० मध्ये हिमालयन रॅली सुरू झाली, तीही १९९० नंतर थांबली. १९९३ मध्ये लंडन-सिडनीचे पुनरुज्जीवन झाले आणि फ्रान्सिस टटहिल पोर्शमध्ये जिंकले.