पुढचे शीड : गुंडाळणे आणि आखडणे

कोकणच्या किनाऱ्यावर शिडाचे मचवे चालताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस हे सांगावयास नको की, वारा चढू लागला म्हणजे तांडेलाची नजर प्रथम शिडाकडे जाते. होडीला पेलेल तेवढेच कापड वर ठेवावे, हा नियम वीस-पंचवीस फुटी हौशी होडीलाही लागू आहे. अशा होडीला बहुधा दोन शिडे असतात. एक डोलकाठीच्या मागे; दुसरे पुढे, नाळेपासून डोलकाठीकडे वर ताणलेल्या तारेवर. ह्या पुढच्या शिडाचा प्रश्न अवघड. ते उतरवावयाचे तर उसळत्या नाळेवर गुडघे टेकून काम करावे लागते, आणि माणूस एकटा असला तर तेथून पडल्यावर उचलावयास कोणी नसते. म्हणून सुकाणूजवळ बसूनच, दोर ओढून शीड आवरण्याची साधने निघाली.

परंतु शीड गुंडाळणे आणि आखडणे ह्या दोन निराळ्या गोष्टी होत. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात निघालेल्या विकम-मार्टिन साधनात शिडाच्या खालच्या टोकास दोराचे रीळ व वरच्या टोकास फिरती कडी असते. शीड स्वतःच्याच पुढच्या कडेभोवती गुंडाळले जाते. ते पूर्ण उघडावे किंवा पूर्ण मिटावे. अर्धे ठेवले तर खालचा पीळ वरपर्यंत नीट पोचत नाही, शीड फुगते आणि होडी वाऱ्याकडे चढत नाही. आम्ही स्वतः हा भेद न समजता साधे साधन घेतले, आणि एका दुपारी वाढत्या वाऱ्यात अर्धे शीड घेऊन किनाऱ्याकडे ढकलले जात असताना तो समजला.

आखडावयाचे असेल तर तारेभोवती ॲल्युमिनियमची खाचेची नळी असलेले साधन हवे. तिच्यामुळे शीड वरपासून खालपर्यंत एकदम फिरते. तरीही तिसऱ्या हिश्श्याहून फार अधिक गुंडाळल्यास शिडाचा आकार बिघडतो. शिडाच्या पुढच्या कडेत जाड पट्टी शिवून घेतल्यास तो बराच टिकतो. खऱ्या वादळासाठी मात्र लहान, जाड शीड वेगळेच ठेवावे.

घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. शीड वर ओढणारा दोर तारेला समांतर न राहता किंचित डोलकाठीकडे झुकलेला असावा; नाहीतर तो तारेभोवती गुरफटतो. शीड मिटल्यावरही रिळावर दोराचे चार-पाच फेर उरावेत, कारण जोराच्या वाऱ्यात शीड घट्ट गुंडाळले जाते व दोर अधिक लागतो. आणि मिटलेल्या शिडाच्या बाहेर राहणाऱ्या कडेवर उन्हापासून बचाव करणारी पट्टी असावी.

ज्याला बंदरातच दुपारभर फिरावयाचे आहे, त्याने एवढा खर्च करण्याचे कारण नाही. कड्यांवर चढणारे साधे शीड, आणि त्याच्या माथ्यास बांधून नाळेवरच्या कप्पीतून मागे आणलेला एक दोर पुरे. तो ओढला की शीड खाली येते.

साधन कोणतेही असो, दोर अडला तर यंत्र लावून जोर करू नये. वर काहीतरी गुरफटले आहे असे समजावे. अशा वेळी तार तुटली, तर तिच्या मागोमाग डोलकाठीही जाऊ शकते.