पाण्याचा पेला
‘उशिरा कळलेलं’ : लेखांक ६

गेल्या आठवड्यात तपासण्यांविषयी लिहिताना एक गोष्ट राखून ठेवली होती. रिपोर्ट हातात आला त्या रात्रीची.

लेक तेव्हा तेरा वर्षांची. निदान एडीएचडीचं, त्यातही लक्ष न टिकण्याचा प्रकार. अशी मुलं वर्गात दंगा करत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात. मुलगी असेल तर ‘जरा स्वप्नाळू आहे’ एवढ्यावर विषय संपतो. त्या रात्री मी माळ्यावरून तिच्या जुन्या वह्या काढल्या. तिसरीची गणिताची वही. तेराचा पाढा तीनदा लिहायला घेतलेला आणि तिन्ही वेळा ‘तेर चोक बावन्न’पाशी सोडलेला. समासात मुंग्यांची रांग, एकेका मुंगीला मोजून सहा पाय. आणि खाली लाल पेनाने माझं अक्षर : ‘मुद्दाम करतेस.’

त्या संध्याकाळी मी तिच्या पाठीत धपाटा घातला होता, तेही आठवलं.

मी रडत बसले. लेक उठून आली, पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाली, “आई, रडू नकोस ना. मी आता नीट वागेन.”

तिला वाटलं, रडण्याचं कारण तीच आहे. निदान तिचं, पण समजूत काढली जात होती माझी. अपराधीपणाचं मला भय वाटतं ते यासाठी. आईबापांच्या मनातली टोचणी त्यांच्यापुरती राहत नाही. घरातलं सगळ्यात हळवं माणूस ती सांभाळायला धावतं आणि बहुतेकदा ते माणूस म्हणजे ते मूलच असतं.

आईला दोषी धरण्याची रीत जुनी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत ऑटिझमचं खापर थंड मनाच्या आईवर फोडलं जाई. ‘रेफ्रिजरेटर मदर’ हा शब्द तिथलाच. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी या समजुतीला पुस्तकातून आव्हान दिलं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका ऑटिस्टिक मुलाचे वडीलही. त्या आया खरोखरच निर्दोष होत्या.

माझं तसं नव्हतं. “तुला कुठे ठाऊक होतं गं,” सासूबाई म्हणाल्या. खरंच होतं ते. एडीएचडी धपाट्याने होत नाही, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. तज्ज्ञांचंही घोडं अडलेलंच होतं : लक्षणं सात वर्षांच्या आत दिसायला हवीत ही अमेरिकी निदानग्रंथातली अट २०१३ मध्ये बारा वर्षांपर्यंत सैल झाली. तरी धपाटा मीच घातला होता. निर्दोष सुटका मला लागूच नव्हती.

क्रिस्टिन नेफ यांची मांडणी मला इथे उपयोगी पडली. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या या मानसशास्त्रज्ञ. त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक आहे. आत्मकरुणेचे त्या तीन पदर सांगतात : स्वतःशी मायेने वागणं, चुकणारे आपण एकटेच नाही हे जाणणं, आणि दुःख न दडपता, त्यात वाहूनही न जाता त्याच्याकडे पाहणं. ऑटिस्टिक मुलांच्या ५१ पालकांचा त्यांनी एका सहकाऱ्यासह अभ्यास केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःशी मऊ असणाऱ्या पालकांमध्ये उमेद जास्त आणि ताण, नैराश्य कमी दिसलं. मुलाची लक्षणं किती तीव्र, हे हिशेबात धरूनही तो फरक उरला.

आत्मकरुणा म्हणजे स्वतःला माफ करून मोकळं होणं, असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. ‘मी वाईट आई’ असं म्हटलं की धपाट्याकडे बघायचं धैर्यच होत नाही. सगळा वेळ स्वतःला कोसण्यात जातो. ‘त्या दिवशी मी थकले होते, घाबरले होते आणि चुकले’ असं म्हटलं की चूक नेमकी हातात येते. मग तिची माफी मागता येते.

आठवड्याने मी ती वही घेऊन लेकीच्या पलंगावर बसले. “तिसरीत मी तुला यावरून मारलं. तू मुद्दाम करत नव्हतीस. चूक माझी होती.” या खेपेला रडले नाही, तसं ठरवूनच गेले होते.

तिने मुंग्यांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, “आणि चौथीत, रंगपेटी हरवली तेव्हा?”

“तेव्हाही.”

“सहलीच्या दिवशी, बस चुकली तेव्हा?”

सहलीचं मी साफ विसरले होते. तिला मात्र माझा शब्द न् शब्द पाठ होता. मी मांडी घालून नीट बसले आणि म्हटलं, “सांग, काय म्हणाले होते मी?”