पाणी शिरण्याआधी दुकानाचा एक व्हिडिओ काढून ठेवा

पावसाळा आला की आपण फोनला प्लास्टिकची पिशवी घालतो आणि तयारी झाली असं समजतो. मीही तेच करायचो, २६ मे २०२५ पर्यंत.

मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख ११ जून. त्या वर्षी तो २६ मेलाच आला. हिंदमाता, परळला पाणी भरलं, वरळीच्या आचार्य अत्रे चौक या भुयारी मेट्रो स्टेशनातही शिरलं. करी रोडला एका चाळीच्या तळमजल्यावर माझ्या काकांची पिठाची गिरणी आहे, तिथे गुडघाभर पाणी. मोटर खालीच बसवलेली, गव्हाची पोती जमिनीवर. कारण काय, तर "जूनला वेळ आहे अजून." (१७ मे २०२१ चं तौक्ते वादळ आपण सगळेच विसरलो होतो.)

विमा होता. पण सर्व्हेअर आला तीन दिवसांनी. तोवर काकांनी भिजलेलं पीठ फेकून, गिरणी धुऊन-पुसून लख्ख केलेली. मोटरचं बिल गल्ल्यात होतं, त्याचा लगदा झाला. चुलतभावाने फोटो काढले होते, पण ते व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेले, आणि त्याच्या फोनमधले मूळ फोटो जागा भरली म्हणून डिलीट. हातात पैसे आले ते मागितल्याच्या निम्मेसुद्धा नाहीत. सर्व्हेअरला तरी काय बोलणार? पाण्याआधी तिथे काय होतं, हे दाखवायला आमच्याकडे काहीच नव्हतं.

आता यातली टेक्निकल गोष्ट. फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तर अक्षांश-रेखांशही साठतात. याला एक्झिफ डेटा म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की अ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि ही माहिती गळून पडते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. एक्झिफ बदलता येतो, त्यामुळे तो काही ब्रह्मवाक्य नाही. म्हणून फोटोंपेक्षा न थांबवता काढलेला एकच व्हिडिओ बरा: बाहेरच्या पाटीपासून सुरू करा, आत या, प्रत्येक यंत्राच्या पट्टीवरचा सिरियल नंबर वाचता येईल इतका जवळून घ्या, मालाची थप्पी दाखवा. घरात असाल तर फ्रिज, वॉशिंग मशीन, कपाट. पाणी ओसरल्यावर साफसफाईच्या आधी हाच व्हिडिओ पुन्हा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला मोजपट्टी लावून. आणि हे सगळं ड्राइव्हवर चढवा मेच्या सुरुवातीलाच. पाऊस कोसळताना नेटवर्क रांगतं, तेव्हा दोन जीबीची फाइल कुठली जायला!

आधार, लायसन्स, गाडीचं आरसी डिजिलॉकरमध्ये ठेवा. तिथे खात्याकडून आलेली कागदपत्रं कायद्याने मूळ प्रतीइतकीच मानली जातात. तुम्ही स्वतः स्कॅन करून टाकलेल्यांना मात्र तो मान नाही. बिलं आणि विमा पॉलिसी स्कॅन करून ड्राइव्हवर.

आता इशारे. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन अचानक कर्कश वाजले होते, आठवतंय? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. यात टॉवर एकच मेसेज त्याच्या पट्ट्यातल्या सगळ्या फोनना एकदम देतो, त्याला नंबर लागत नाही की इंटरनेट. म्हणून एसएमएससारखी कोंडी होत नाही. दचकून तेव्हा बंद केलं असेल तर सेटिंग्जमध्ये 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स' शोधून चालू करा. जोडीला 'सचेत' अ‍ॅप ठेवा.

हवामान खात्याचा ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे हालचाल करा. पण तो अंदाज जिल्ह्याचा असतो, तुमच्या गल्लीचा नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३! आपल्या भागासाठी भरतीची वेळही बघा. समुद्र चढलेला असताना जोराचा पाऊस आला तर पाण्याला बाहेर जायला वाट राहत नाही.

पाणी आत आलंच तर आधी जीव. पाण्यात उभं राहून मेन स्विचला हात लावू नका. बुडालेली बाइक सुरू करून बघू नका, इंजिनात पाणी गेलं की खर्च कैक पटीने वाढतो. महापालिकेचा आपत्कालीन नंबर १९१६.

मग विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. तहसीलदार कार्यालयाकडे पंचनाम्यासाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सरकारी मदत पंचनाम्यावर ठरते आणि दर वेळी वेगळी असते. जुलै २०२१ च्या पुरानंतर राज्याने दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार, आणि टपरीवाल्यांना १० हजारांपर्यंत मदत जाहीर केली होती. विमा कंपनी टोलवत असेल तर 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत.

काकांनी आता मोटर दोन फूट उंच चौथऱ्यावर घेतली आहे. व्हिडिओ मी काढला. त्यात मागून त्यांचा आवाज येतो, "अरे, गल्ल्याचं काय काढतोस!"